सदतिसावी विसंगती

सातव्या पानावर मी होते. म्हणजे माझी पाठ होती. विटलेला निळा टी-शर्ट, क्लिपेत कसाबसा कोंबलेला बुचडा, डोक्यावर पंखा, समोर कॉम्प्युटर. फोटो मागून काढलेला. तो कधी काढला, मला पत्ता नाही. झेरॉक्सच्या दुकानातली म्वाय रंगीत पानं एकेक करून माझ्यापुढे ठेवत होती. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मला पी जुम म्हणते, आणि गेली वीस वर्षं माझे कागद माझ्याआधी वाचते. "पी जुम, ह्या तुम्हीच ना? मी पाठीवरून ओळखलं! फांगनं तुमचं अख्खं पुस्तक दुरुस्त केलं म्हणे. नशीबवान बाई. आमची कार्टी स्वतःची चप्पल दुरुस्त करत नाही." मी पान हातात घेतलं. वर लिहिलं होतं, प्रकल्प पाचवा : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कादंबरीचे संपादन. खाली : एका ज्येष्ठ लेखिकेची अकरा वर्षे रखडलेली कादंबरी. मूळ पाने ४१२, संपादनानंतर २६८. आढळलेल्या विसंगती ३७, दूर केलेल्या विसंगती ३७. त्याखाली तीन रंगीत वर्तुळं, ज्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही. मी चोपन्न वर्षांची आहे. ज्येष्ठ! आणि रखडलेली म्हणजे काय? रस्ता रखडतो, पूल रखडतो. कादंबरी लिहीत असतात.

सगळ्यांत खाली एक पांढरा फॉर्म होता. त्यावर पिवळी चिठ्ठी. "आई, इथे सही कर ना. चारच्या आत साइटवर चढवायचंय. लव्ह यू." फॉर्मचं नाव होतं लाभार्थीचे प्रमाणपत्र. 'वरील उपक्रमामुळे मला झालेला लाभ' असं छापून पुढे तीन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या, आणि मग माझं नाव, ते मात्र बिनचूक, आडनावासकट. तळपायाची आग मस्तकात गेली. म्वायला म्हटलं, बांधून दे. ती म्हणाली, "स्पायरल की चिकटवून? ह्या सीझनला सगळे चिकटवून नेतायत, पी. स्पायरल म्हटलं की गरीब दिसतं." मी म्हटलं, मला गरीबच दिसू दे.

ताल्लात फ्लू बाजारातल्या रेल्वेरुळांच्या कडेनं घरी येताना मी मनातल्या मनात भांडत होते, आणि ओठ हलत असणार, कारण कुइचायच्या वड्या तळणारी बाई माझ्याकडे बघत राहिली. माझी मुलगी फांग सतरा वर्षांची आहे. तिला विद्यापीठात जायचंय, भाषा आणि तंत्रज्ञान असा एक नवा विभाग निघालाय, तिथे वीस जागा परीक्षेशिवाय नुसत्या पोर्टफोलिओवर भरतात. दहा पानं. अकरावं पान जोडलं की बाद. सतरा वर्षांचं माणूस दहा पानांत. त्या दहा पानांसाठी आम्ही सातवीपासून राबतोय. आधी खिम आणलं, आडवं ठेवून वाजवायचं तारांचं वाद्य. जिन्याखाली मेणकापडानं झाकलेली दोन खोकी पडलेली असतात, त्यांवर ते ठेवून ती दोन बांबूच्या काड्यांनी टिणटिण वाजवायची, घरभर. त्याचं प्रमाणपत्र मिळालं आणि खिम माळ्यावर गेलं. मग सत्ताहिपच्या समुद्रात पोवळी लावायला गेली. प्रत्येक मुलाला एक बोटभर पोवळं, ते प्लास्टिकच्या पट्टीनं जाळीला बांधायचं, फोटो, प्रमाणपत्र. संध्याकाळी तीच पोवळी सोडवून दुसऱ्या दिवशीच्या तुकडीला देतात, हे तिनंच मला परतीच्या बसमधून फोनवर सांगितलं, आणि आम्ही दोघी खदाखदा हसलो. मग तीन दिवसांचं डॉक्टर शिबिर, पांढरा कोट घालून केळ्याला टाके. मग वृद्धाश्रम. तिथे अर्धा तास नखं कापली आणि चाळीस मिनिटं फोटो काढले. ते मीच काढले होते. एका म्हातारीला मीच म्हणाले होते, आजी, हात जरा वर धरा, मुलीचा चेहरा झाकला जातोय. तिनं धरला. त्या म्हातारीनं कुठल्या फॉर्मवर सही केली होती का, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं आणि मी ते लगेच झटकून टाकलं, कारण मला रागवायचं होतं आणि राग पातळ करून घ्यायचा नव्हता.

कारण माझं पुस्तक म्हणजे पोवळं नव्हे. पोट भरायला मी मेलेल्या माणसांची पुस्तकं करते. बावीस वर्षं झाली. घरात कुणी गेलं की प्रेत शंभर दिवस देवळात ठेवणारी घरं असतात, सात दिवसांत उरकणारी असतात, पण दहनाला आलेल्यांच्या हातात एक पुस्तक द्यायचं ही इच्छा बहुतेकांना असते. कुणाला परवडतं, कुणाला नाही. गेलेल्याचा फोटो, जन्म, शिक्षण, पदकं, मुलांची दोन-दोन पानं, शेवटी त्याच्या आवडीच्या आठ-दहा पाककृती. घरचे लोक माझ्यासमोर बसून रडत रडत सांगतात आणि मी लिहून घेते. मग मोठा मुलगा बाहेरपर्यंत पोचवायला येतो आणि दारात हळू आवाजात म्हणतो, ते जुगाराचं नको घ्यायला. ते चियांग मायच्या बाईचं नको. मी म्हणते, काळजी करू नका, घरच्यांना नको असेल ते पुस्तकात येत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की फोनवर म्हणताना दुसऱ्या हातानं भात उपसू शकते. तीनशेच्या वर पुस्तकं केली. तीनशे माणसं, सगळी कष्टाळू, सगळी कुटुंबवत्सल, सगळ्यांना लवकर उठायची सवय. जे गाळलं ते माझ्यापाशी साचत गेलं, आणि एके दिवशी मला वाटलं की निदान माझ्या घरातलं तरी न गाळता लिहून ठेवावं. म्हणून कादंबरी. अकरा वर्षं. प्रकाशकानं परत पाठवली, फार लांब आहे म्हणाला, शंभर-दीडशे पानं कमी करा मग बघू. मी तेव्हापासून ती फाईल उघडलीच नव्हती. फांगला तीन वर्षं म्हणत होते, वाचून बघ कधीतरी. ती म्हणायची, परीक्षा झाली की. शेवटी वाचली ती अशी. पोरीनं आईचं पुस्तक वाचलं, पण त्यासाठी प्रवेश समिती लागली.

घरी येऊन मी ख्रू पॅटला फोन लावला. ख्रू म्हणजे मास्तरीण; ही मुलांचे पोर्टफोलिओ घडवून देते, मॉलच्या चौथ्या मजल्यावर तिचा क्लास आहे, आणि फांग त्या वेळी तिथेच मुलाखतीची तालीम करत बसली होती.

"फांगच्या आई! अजिबात काळजी करू नका," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आतच. "सातवं पानच तिला आत नेणार आहे. पोवळी सगळ्यांकडे असतात हो. आई कुणाकडेच नाही."

"मला ज्येष्ठ कुणी केलं?"

"अहो, ते समितीला आवडतं. ज्येष्ठ, दिव्यांग, डोंगरातली मुलं, यांतलं एक तरी लागतंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दिसता तुम्ही चाळिशीच्या."

"आणि लाभार्थी?"

"फॉर्म तोच असतो, आई. कासवं सोडली तरी तोच फॉर्म."

"मग कासवांनी सह्या केल्या का?"

ती मनापासून हसली. तिला वाटलं मी विनोद केला. "तुम्ही लेखक लोक म्हणजे ना! फक्त सही करा, आणि ओळी तीनच भरा. लिहा की, माझं पुस्तक वाचनीय झालं, मुलीचा अभिमान वाटतो, नोंग एआयचे आभार. संपलं." नोंग म्हणजे धाकटं भावंड. भाजीवालीची पोर नोंग, बँकेतली मुलगी नोंग, आणि आता हे यंत्रही नोंग. माझ्या घरात घुसून माझ्या बापाच्या आयुष्यातली एकशे चव्वेचाळीस पानं कापणारं माझं धाकटं भावंड. "चारच्या आत हं, आई," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी फांगचा कॉम्प्युटर उघडला. परवानगी तिनं घेतली नव्हती, मीही घेतली नाही. फोल्डरचं नाव 'आई अंतिम खरंच अंतिम'. आत माझी कादंबरी, कापलेली, आणि सोबत विसंगतींची यादी. पहिली : पान ४१ वर वडिलांच्या डाव्या हातावर भाजल्याचा डाग, पान ९६ वर उजव्या. मी डोळे मिटून बाबा आठवले. बाबा कवळ्या करायचे. आमच्या दुकानाच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत, प्रत्येकावर पेन्सिलीनं गिऱ्हाइकाचं नाव, आणि बाबा गॅसच्या बारीक ज्योतीवर मेण वितळवत बसलेले. डाग डाव्या हातावर. पान ९६ चुकलं होतं. अकरा वर्षांत मला ते दिसलं नव्हतं, आणि याला दिसलं, बहुतेक एका मिनिटात. दुसरी : आई १९७९ साली वारली असता पान १५० वर ती १९८० चा पूर बघते. हेही बरोबर. माझी आई मेल्यावर पूर बघत होती आणि मी ते छान शब्दांत लिहिलं होतं. नववी : मांजर दोन वेळा मरते. मी एकेक वाचत गेले आणि अंगाचा तिळपापड होत गेला, कारण चुका खऱ्या होत्या. खोट्या असत्या तर मी सुखानं चिडले असते. मग वाक्यं. बाबा दुसऱ्याची कवळी स्वतःच्या हातात उघडझाप करत तिच्याकडून गाणं म्हणून घ्यायचे, त्या एका वाक्यावर मी महिना घालवला होता, पाऊणपानी वाक्य, श्वास लागेल असं. त्याची चार झाली होती. चारही सरळ, चारही स्वच्छ, नुकती भांग पाडून शाळेत निघालेल्या मुलांसारखी. बाबा त्यांत होते, कवळी होती, गाणं गेलं होतं. मी जोरात म्हटलं, मेल्या, तुला दात आहेत का? रिकाम्या घरात मी यंत्राला शिव्या देत होते.

आणि मग मला तेरावं प्रकरण संपल्यावर पंधरावं दिसलं. त्याचा आकडा चौदा केलेला. माझं चौदावं नव्हतं. मी खाली गेले, वर आले, फाईल बंद करून पुन्हा उघडली. तीस पानं, २२३ ते २५२, नाहीत. यादीत शेवटी सदतिसावी : 'निकालात काढली. प्रकरण वगळले.' एवढंच. बाकी छत्तीसना कारणं दिलेली, हिला नाही. बाकी सगळं कापलं असतं तर मी बोंब मारली असती आणि गप्प बसले असते. पण ते प्रकरण लमुनमावशीचं होतं, आणि लमुनमावशीचं प्रकरण लिहिता यावं म्हणून बाकीची तीनशे ब्याऐंशी पानं मी लिहिली होती.

लमुनमावशी माझी मावशी नव्हती. आमच्या मागच्या बाजूला, गटारावरच्या फळीपलीकडे, एक खोली होती, तिथे ती राहायची. ती बाबांच्या मेणाची कामं करायची. दात बाबा विकत आणत, पण ते दात हिरडीत असे बसवणं की माणूस हसला तर त्याच्याच वाटावेत, हे तिच्या हातात होतं. बाबा दुपारचं जेवण झालं की फळीवरून पलीकडे जात आणि चारला येत. माझी आई त्या वेळात पुढची जमीन पुसायची. पुसलेली असली तरी. मला सगळं कळायचं आणि काहीच कळायचं नाही. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि त्यानंतर मला शाळेसाठी वेण्या लमुनमावशीनं घातल्या, पहिल्यांदा रक्त दिसल्यावर मी पळत गेले ती तिच्याकडे, मेणाचा वास असलेल्या बोटांनी तिनं मला सगळं समजावलं, आणि पदवीच्या दिवशी बाबांच्या शेजारी उभं राहून फोटो काढायला मी बोलावलं तर ती म्हणाली, नको ग, मी इथून बघते. ती नेहमीच इथून बघायची. ती पुढच्या दारानं कधी आली नाही. बाबा गेले तेव्हा मी बत्तीसची होते, छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आणि बाबांचं पुस्तक मीच केलं. ते माझं पहिलं पुस्तक. मोठ्या आत्या चीनवरून आलेल्या आजोबांपासून सगळं सांगत बसल्या, आणि निघताना दारात हळू आवाजात म्हणाल्या, तिचं नको. मी म्हटलं, नाही घेत. पहिल्यांदाच म्हटलं आणि जमलं. कवळ्यांबद्दल चार पानं होती त्या पुस्तकात, हिरड्यांच्या रंगाबद्दलसुद्धा, आणि ती कुठेच नव्हती.

दहनाच्या दिवशी मी देवळाच्या पायरीशी पुस्तकं वाटत उभी होते. माणसं वर जायची, चंदनाच्या पापुद्र्यांचं फूल ठेवायची, खाली यायची, मी हात जोडून पुस्तक द्यायची. ती सगळ्यांत शेवटी आली. कमरेला गुंडाळलेली काळी साधी फणुंग, पांढरा ब्लाउज, केस मागे घट्ट. आत्या आणि चुलते मागच्या खुर्च्यांवरून बघत होते. ती माझ्यासमोर थांबली आणि दोन्ही हात पुढे केले, देवळात भात घ्यायला करतात तसे. आणि पुस्तकं संपली. चौदाव्या प्रकरणात मी ते असंच लिहिलं होतं : पुस्तकं संपली, मी म्हणाले, मावशी, संपली, आणि ती म्हणाली, असू दे बाळा, मला कुठे वाचता येतं. आणि फळीवरून पलीकडे जावं तशी जपून पायऱ्या उतरून गेली. तिला वाचता यायचं. मला गोष्टीची पुस्तकं तीच वाचून दाखवायची. पुढे चार महिन्यांनी ती कुठेतरी नातेवाइकांकडे अयुथ्थयाला गेली आणि तिथेच वारली, मला दीड वर्षानं कळलं, आणि तिचं पुस्तक कुणी केलं नाही. तर ते प्रकरण. त्याच्यावर फुली. का, तर समितीला सुटसुटीत हवं. का, तर दहा पानं. मी त्या फॉर्मकडे बघितलं आणि ठरवलं, सही नाही. जागा गेली तरी बेहत्तर. एका बाईला एकदा गाळलं होतं, आता तिला पुन्हा गाळून त्याला लाभ म्हणून मी सही करायची? नाव माझं, सही माझी आणि वर आभार त्या यंत्राचे!

फांग अडीचला आली. हातात कुइचायची पिशवी, शर्टाला क्लासचा बिल्ला, मुलाखतीसाठी केसांचा घट्ट अंबाडा. "आई, सही? ख्रू पॅटनं तीनदा फोन केला." मग तिनं माझा चेहरा बघितला, आणि उघडा कॉम्प्युटर.

"चौदावं कुठंय?" मी म्हटलं. "खाल्लं तुझ्या नोंगनं?"

तिनं पिशवी टेबलावर ठेवली.

"पाठीचा फोटो काढलास, बोलले का? नाही बोलले. ज्येष्ठ केलंस, बरं. रखडलेली म्हणालीस, तेही गिळलं. पण ते प्रकरण काढायचा अधिकार कुणी दिला त्या डबड्याला? त्याला काय माहिती ती कोण होती? त्याला कुणी वेण्या घातल्यात?"

"त्यानं नाही काढलं," फांग म्हणाली.

"मग काय आपोआप उडालं?"

"मी काढलं. तो ठेव म्हणत होता." तिनं माझ्या खांद्यावरून हात घालून काहीतरी दाबलं आणि त्यांचं जुनं बोलणं पडद्यावर आलं. यंत्रानं लिहिलं होतं : 'प्रकरण १४ हा कादंबरीचा गाभा आहे. कापू नये. फक्त एक मेळ बसत नाही. पान २११ : पुस्तकाच्या पाचशे प्रती छापल्या. पान २३८ : तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या, जवळजवळ सगळ्या भरल्या. पान २४१ : पुस्तकं संपली. सूचना : पान २११ वर पाचशेऐवजी तीनशे करावे.' मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. अकरा वर्षं मी तो पाचशेचा आकडा तिथे ठेवला होता. मांजर दोनदा मारताना चुकले, डागाचा हात चुकले. पण तो आकडा चुकून नव्हता राहिला, आणि हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"मी तुला विचारलं होतं," फांग म्हणाली. "आजोबांची पुस्तकं किती छापली होती. तू म्हणालीस पाचशे. मग माणसं किती आली होती विचारलं, तर खेकसलीस, पोलिसात लागलीस का म्हणून. मला आधी वाटलं टायपिंगची चूक असेल. पाचशेचे तीनशे करायचे, झालं, दोन सेकंदांचं काम. पण आई, मी खिम कशावर वाजवायचे?"

जिना माझ्या डाव्या हाताला होता, मी तिकडे बघितलं नाही.

"मी लहानपणीच उघडून पाहिलंय एक," ती म्हणाली. "आजोबांचा फोटो होता वर. मला वाटायचं, तू आठवण म्हणून ठेवलीयत."

"मग आकडाच बदलायचास," मी म्हटलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता, त्याला खाली कसं यायचं ते कळत नव्हतं. "यंत्रानं सांगितलं होतं ना? प्रकरण का काढलंस?"

"आकडा बदलला असता तर खोटं मी बोलले असते. आणि तसाच ठेवला असता तर तू बोललीस हे सगळ्यांना कळलं असतं." तिचे डोळे भरले होते, पण तीही चिडली होती, माझ्यासारखीच, नाकपुड्या फुगवून. "तूच म्हणतेस ना फोनवर रोज? घरच्यांना नको असेल ते पुस्तकात येत नाही. मग मी घरचीच ना?"

मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. ख्रू पॅट, समिती, दहा पानं, यंत्र, सगळ्यांवर मी सकाळपासून खापर फोडत होते, आणि ते एकेक करून माझ्यासमोरून बाजूला झाले. माझा धंदा माझी पोर भात उपसण्याच्या आवाजात शिकली होती, कुठल्याही शिबिराशिवाय, प्रमाणपत्राशिवाय. मी उठले. जिन्याखालचं मेणकापड ओढलं. साचलेली धूळ उडाली आणि फांग शिंकली. खोक्यावरची चिकटपट्टी सुकून आपोआप सुटली. आत बाबा, ओळीनं, शंभर वेळा, कडा पिवळ्या पडलेले, त्याच एका हसऱ्या फोटोत. त्या दिवशी पायरीशी ही दोन खोकी माझ्या पायांमागे होती. पांढरं कापड टाकलेलं होतं. मला पोटरीला त्यांचा कोपरा लागत होता. आत्या बघत होत्या, आणि मावशीचे हात पुढे होते, आणि मी म्हणाले, संपली. ती खोक्यांकडे बघून मग माझ्याकडे बघत म्हणाली होती, असू दे बाळा. तिनं बघितलं होतं. हेही मी लिहिलं नव्हतं.

"चौदावं परत घाल," मी फांगला म्हटलं.

"पण मग दोनशे अठ्ठ्याण्णव पानं होतात. सातवं पान बदलावं लागेल. सव्वातीन वाजलेत, आई."

"बदल. आणि पान २४१ मी सांगते तसं लिही." ती बसली. मी उभ्यानं सांगितलं, दोन वाक्यं, लांब नाहीत, कुणी कापणार नाही अशी. तिनं टाईप केली, मागे न बघता. मग मी फॉर्म ओढला. लाभार्थी या शब्दाकडे बघून पुन्हा संताप आला, पण सही केली, आणि तीन ओळींपैकी एकीवर लिहिलं : सदतीसपैकी छत्तीस विसंगती मुलीने दूर केल्या, सदतिसावी माझी होती.

फांगनं ते वाचलं. बराच वेळ वाचत राहिली. फोन वाजत होता, ख्रू पॅटचा, तिनं तो पालथा ठेवला. सातव्या पानावर जाऊन २६८ चे २९८ केले, दूर केलेल्या विसंगती सदतीसच्या छत्तीस केल्या. 'ज्येष्ठ' खोडून 'माझ्या आईची' लिहिलं. चढवायच्या बटणावर बोट ठेवून ती थांबली.

"मुलाखतीत विचारतील," ती म्हणाली. "एक का राहिली म्हणून."

"विचारू दे."

"मग काय सांगू?"

"सांग, पुस्तकं संपली नव्हती. दोन खोकी उरली होती, आणि तू त्यांवर खिम ठेवून वाजवायला शिकलीस."